आयुधपूजेला बंद ठेवलेला कारखाना

आमच्या राज्याचा खजिना माझ्याकडे आणि शस्त्रांचा कारखाना, खरेदी सगळं अप्पांकडे. राज्य मोबाइलवरचं, लढायांच्या खेळातलं. भांडणं मात्र खरीखुरी. ऑफिस सुटलं की मी म्हैसूरातल्याच विजयनगर भागात माझ्या घरी जायच्या आधी जयलक्ष्मीपुरमला अप्पांकडे, म्हणजे वडिलांकडे, डोकावते. ते तिथे एकटेच राहतात. कॉफी, दोन मोबाइल, आणि झालं सुरू.

या खेळात भाला दोन तऱ्हांनी मिळतो. लोखंड-लाकूड जमवून कारखान्यात बनवा, तर स्वस्त पडतो पण वेळ खातो. बाजारातून घ्या, तर लगेच हातात, पण मोहरा भसाभस जातात. आणि लढाई तोंडावर आली की भाव विचारूच नका. माझं मत सरळ होतं: निम्मे बनवा, निम्मे घ्या, उरलेल्या लोखंडाचे नांगर करा. पण अप्पांनी उभा जन्म टूलरूममध्ये फिटर म्हणून काढलेला.

"विकतचा भाला ऐनवेळी मोडतो," म्हणायचे.

"अहो अप्पा, खेळात मोडत नाही! दोन्हींची ताकद सारखीच लिहिलीय, वाचा की."

"लिहिणाऱ्याला काय कळतंय."

तरी मी फार ताणत नसे, त्याला कारण होतं. उन्हाळ्यात अप्पा न्हाणीघरात पडले. हाड वाचलं, पण डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा पडलात तर अंथरूण धराल, वॉकर घ्या. "घ्यायचा कशाला? मी बनवतो," अप्पा म्हणाले. पाइप आले, करवत निघाली. तेव्हापासून तीन पायांचा एक सांगाडा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा आहे. चौथा पाय दोनदा कापला, दोनदा तिरका गेला. हात थरथरतात त्यांचे. ते म्हणायचे, पाइपच भिकार आहे. मी म्हणायचे, असेल. खेळात मात्र नुसतं बोट लावलं की भाला सरळसोट निघायचा. तो कारखाना कमी करा असं कुठल्या तोंडाने सांगणार?

खरं तर वॉकर मी केव्हाच विकत आणला होता. गाडीच्या डिकीत, चादरीखाली. तीन महिने तो घेऊन गावभर हिंडले आणि दाखवायची हिंमत झाली नाही. भित्री कुठली!

मग आयुधपूजा आली. सकाळीच अप्पांनी हातोडी, कानस, करवत पुसून पाटावर मांडली, हळदकुंकू लावलं, शेवंती वाहिली. माझ्या गाडीलाही हार घातला. आमच्याकडे पूजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. घराणं जुन्या म्हैसूरच्या फौजेतलं, तेव्हा यात सूट नाही.

जेवणं झाली आणि मी मोबाइल उघडला, तर शत्रू दोन तासांत वेशीवर, दोनशे भाले कमी, आणि कारखाना बंद!

"अप्पा, कारखाना कुणी बंद केला?"

"मीच. आज आयुधपूजा ना?"

"अय्यो! खेळात कसली आयुधपूजा?"

"हत्यारं ती हत्यारं. सुम्ने, उगीच ओरडू नकोस."

दीड वर्ष खपून उभं केलेलं राज्य! माझं डोकंच फिरलं आणि बोलू नये ते बोलून गेले. "तुम्हाला सगळं स्वतःच्याच हाताने करायचंय. तिकडे तीन पायांवर उभं करून ठेवलंय, आता इकडे राज्यही बुडवा!"

अप्पा व्हरांड्याकडे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी आपला मोबाइल उचलला आणि दीड वर्षात पहिल्यांदा बाजार उघडला. खजिन्यातल्या असतील-नसतील त्या मोहरा ओतून दोनशे भाले घेतले.

"आले का बघ."

"आले."

"वेळ असेल तर बनवावं, नसेल तर घ्यावं," ते मोबाइलकडेच बघत म्हणाले. "एवढं कळतं गं मला." आणि मग, "तो वॉकर आज मिळेल का? दुकानं बंद असतील."

मी उठून गाडीची डिकी उघडली. चादर काढताना रडूच कोसळलं.

अप्पांनी वॉकर उलटासुलटा केला, चारही पाय नीट टेकतात का ते दाबून पाहिलं. "जोडकाम बरं आहे," म्हणाले. आणि मी डोळे पुसेपर्यंत त्याला हळदकुंकू लावून पाटाशेजारी उभासुद्धा केला.

"अप्पा! आता उद्यापर्यंत त्याला हात लावता येणार नाही!"

"अगं हो की," म्हणाले. चेहऱ्यावर लाज नावाला नाही.

राज्य वाचलं, थोडक्यात. संध्याकाळी न्हाणीघराच्या दारात अप्पा थांबले. पडल्यापासून त्यांनी कुणाला हात धरू दिला नव्हता, मलाही नाही. त्यांनी तो माझ्यापुढे केला.

"आजच्यापुरतं तू धर," म्हणाले.

मी धरला. केवढा थरथरत होता!