हर्सूलच्या रस्त्यावरचे खलाशी

आमच्या बँडचा पोशाख खलाशांचा होता. पांढरी विजार, रुंद निळी कॉलर, तिरकी टोपी. त्या वर्षी बोटीवर नाचणाऱ्या खलाशांचा एक सिनेमा शहरात जोरात चालला होता आणि त्याचं पोस्टर बघून शिंप्यानं आम्हा आठ जणांना कपडे शिवले. आठांपैकी एकानंही समुद्र पाहिला नव्हता. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावातले आम्ही दर्यावर्दी.

पण त्या सिनेमातलं खलाशांचं गाणं आम्ही असं वाजवायचो की वऱ्हाडी भर रस्त्यात वल्ही मारायला लागत. शेवटच्या कडव्यात नाव बुडते. तिथं नाचणारे धडाधड जमिनीवर आडवे पडत. लोकांना ते फार आवडायचं. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू?

गाणं खुलायचं ते आमच्या बँडमास्तरांच्या क्लॅरिनेटमुळं. ती वाजवताना वरच्या दातांचा टेकू लागतो. "दांत गये तो रोटी गई," म्हणत मास्तर रोज बाभळीच्या दातणानं दात घासत. मला साइड ड्रम त्यांनीच शिकवला. मी तापट, हात कायम शिवशिवणारा. ते म्हणत, "बेटा, तेरा हात तेरे से पहले चलता है."

हर्सूलला एक परण्या होता. लग्नाआधी नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला जातो, ती मिरवणूक. नवरदेव वैजापूरकडचा, वेळ टळटळीत दुपारची. वाटेवरच्या एका घरातला तरुण मुलगा आठवड्यापूर्वी तलावात बुडाला होता. मयताच्या घरापुढून बँड मुक्यानं जातो, टोप्या हातात घेऊन. आमची ती रीतच होती. अलीकडच्या कडुनिंबापाशी मास्तरांनी हात वर केला आणि आम्ही थांबलो.

नवरदेवाचा भाऊ पिऊन तर्र होता. वल्हं म्हणून हातात बांबू.

"थांबले कामून? खलाशाचं वाजवा."

"मय्यत का घर है भाई. आगे जाके बजाते."

"लई शहाणा हाय का तू? लगीन आमचं हाय."

बांबू मास्तरांच्या पाठीत बसला. दुसरा तडाखा खांद्यावर. मास्तर खाली बसले, क्लॅरिनेट मात्र छातीशी धरून. तिसऱ्यांदा बांबू वर गेला तेव्हा मला वाटलं, वाजवलं तर हा थांबेल. मी काड्या उचलल्या आणि खलाशांची चाल सुरू केली. ड्रम ऐकला की बाकीच्यांचे हात आपसूक चालत, तसे ते चालले. बांबूवाला खरंच थांबला. नाचत नाचत मिरवणूक पुढं सरकली आणि नाव बुडायच्या कडव्याला तो आणि त्याचे दोस्त नेमके त्या दारापुढं आडवे पडले.

दार उघडलं. मेलेल्या मुलाचा थोरला भाऊ दाराचा अडसर घेऊन धावत आला. बांबूवाले जमिनीवर होते. उभे होते ते मागून धावत पुढं आलेले मास्तर, एका हातात क्लॅरिनेट, दुसरा हात आम्हाला थांबवायला वर केलेला. अडसर त्यांच्या तोंडावर बसला. तो आवाज मला ड्रम वाजत असतानाही ऐकू आला. पांढरा सदरा लाल झाला. मास्तर धुळीत बोटांनी दात शोधत होते.

मग मी बांबूवाल्याच्या उरावर बसलो. काड्या मोडेपर्यंत त्याच्या तोंडावर मारलं, नंतर मुठींनी. चौघांनी ओढलं तरी मी सुटेना. सांगायला लाज वाटते, पण मारताना मला फार बरं वाटत होतं.

वरचे चार दात गेले. मास्तरांनी पुन्हा क्लॅरिनेट तोंडाला लावली नाही.

चार दिवसांनी तो थोरला भाऊ दवाखान्यात आला. मी खाटेजवळ बसून मास्तरांना पेज भरवत होतो.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पर माझा भाऊ बुडून मेला मास्तर, अन् आमच्याच दारात तुम्ही बुडायचं गाणं वाजिवलं. कुणी सुरू केलं, तेवढं सांगा."

मास्तरांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्याच छातीवर बोट ठेवलं.

एरवी माझ्याआधी चालणारा माझा हात त्या दिवशी नुसता पेज ढवळत राहिला.