शववाहिकेचं छत

काशम्माला आमच्या गावात कुणी साधी बाई म्हणत नाही, आणि मला विचाराल तर म्हणूही नये. वळसंगची लेक, आमच्या गल्लीची सून. कडक भाकऱ्या करून सोलापूरच्या दुकानांना पुरवते. एका दुकानदाराने भाव पाडला तेव्हा त्याच्याच दारात टोपली घेऊन बसली आणि त्याची गिऱ्हाइकं त्याच्या नाकासमोरून पळवली. अशा बाईला पक्षवाल्यांनी राखीव जागेवर नगरसेविका केलं. हात वर करायला कुणीतरी हवं होतं त्यांना. निवडण्याआधी जरा चौकशी तरी करायची!

माझं झेरॉक्सचं दुकान नगरपरिषदेसमोर आहे, त्यामुळे सभेत मी मागच्या बाकावर असतोच. लिपिक विषय वाचतो, सदस्य चहा पिता पिता "मंजूर" म्हणतात. प्रत्येक ठरावाला एक सूचक लागतो, एक अनुमोदक. आमच्याकडे ही नावं सभेआधीच टाईप झालेली असतात. अनुमोदक म्हणून काशम्माचं नाव टाकायची तर सवयच पडली होती.

गेल्या उन्हाळ्यातल्या सभेत विषय होता, शेजारच्या नगरपरिषदेबरोबर मिळून शववाहिका घेण्याचा. खर्च अर्धा अर्धा. कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. बायपास झाल्यापासून स्मशानभूमी रस्त्यापलीकडे पडलीय, तरणी माणसं पुण्याला गेलीत, खांदेकरी मिळत नाहीत. शेजारच्यांनी गाडी पसंत करून ठरावही केला होता. पुरवठादाराने ती दाखवायला आमच्या आवारात आणून उभी केली होती, वर झेंडूचा हार घालून.

लिपिक गुरुशांतने वाचलं, "अनुमोदक, श्रीमती काशम्मा."

काशम्मा उभी राहिली. "इल्ल," म्हणाली. चिडली की ती आधी कानडीत नाही म्हणते आणि मग मराठीत भांडते. "गाडीचं छत बुटकं हाय. आमची माणसं बसून जात्यात, आडवी न्हाय."

आम्हा लिंगायतांत मयताला मांडी घालून बसवतात, बसवूनच नेतात, बसवूनच पुरतात. त्या गाडीत लांबलचक आडवा पाट आणि वर जेमतेम दीड हात जागा. गावातली निम्मी घरं आमची. पैसे आमचे, आणि आमचंच माणूस आत मावणार नाही! संताप येईल की नाही, सांगा.

काशम्माला तर यायलाच हवा होता. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा सिद्धप्पा सोलापूरच्या दवाखान्यात वारला. आणायला अशीच बुटकी गाडी मिळाली. आडवं निजवून आणलं आणि गावात पोचेपर्यंत अंग ताठलं. मांडी घालता येईना. शेवटी त्याला आडवंच पुरलं. ती खड्ड्याच्या काठावर उभी होती आणि तिच्याकडे बघायची आमची कुणाची छाती होत नव्हती.

नगराध्यक्ष आबासाहेब समजुतीने म्हणाले, "अक्का, शेजारच्यांचा ठराव झालाय. छत बदललं की खर्च वाढणार, त्यांची फेरमंजुरी लागणार. आता अडवू नका की."

"अर्धे पैसे आमचे, तर गाडीबी अर्धी आमची पायजे."

कापडवाला महेश्वर आमच्यातलाच, सत्ताधारी गटातला. तो हळूच म्हणाला, "अक्का, बसा. पुढच्या वर्षी बघू."

"तुमचे वडील थांबत्याल का पुढच्या वर्षापत्तूर?"

महेश्वरचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्याने मान खाली घातली.

काशम्मा सभागृहाबाहेर गेली. सभात्याग केला, सुटलो, असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात आवारात आरडाओरडा झाला. आम्ही धावलो. गाडीचं मागचं दार उघडून काशम्मा आत पाटावर मांडी घालून बसली होती. डोईवर पदर, छताखाली मान पार छातीपर्यंत वाकलेली. आणि बाई काही उंच नाही.

जिवंत माणूस शववाहिकेत! चालकाने कानाला हात लावले. आबासाहेब जवळ यायला तयार नव्हते. लांबूनच म्हणाले, "अक्का, उतरा. लई अशुभ हाय हे."

"मला कसलं आलंय अशुभ? नीट बघा. मी जित्ती हाय म्हणून मान वाकवलीय. मेलेला कशी वाकवंल? मोडणार हाय का तुमी त्याची?"



मग महेश्वर पुढे झाला. "छत उंच करायचा वाढीव खर्च आपल्या नगरपरिषदेनं सोसावा. शेजारच्यांवर भार नको, मग त्यांचीबी हरकत यायची न्हाय. सूचक म्हणून माझं नाव लिहा."

आबासाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. एकही सदस्य विरोधाला तोंड उघडेना. "चला आत, लिहून घ्या. अनुमोदक कोण?"

"मी की," गाडीतून आवाज आला. "पर मी आत येत न्हाय. तुमी हितं येऊन वाचा."

अशी सभा मी जन्मात पाहिली नव्हती. सदस्य आत गेले, हात वर केले, आणि गुरुशांत नवा ठराव घेऊन गाडीच्या दाराशी आला. "मयतास बसवून नेता येईल एवढ्या उंचीचे छत करून घेण्यास ही सभा मंजुरी देत आहे."

"पुन्यांदा वाचा."

त्याने पुन्हा वाचलं. काशम्माने पदराने डोळे पुसले.

"आमच्या मालकास्नी न्हाय मिळालं," ती म्हणाली. "पर हितनं म्होरं ह्या गावात आमच्यातल्या कुणाला आडवं नेऊ देणार न्हाय मी."

मग ती उतरली.