माग बंद पडले की

माझी ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि लहानपणापासून भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. दाराची कडी तीनतीनदा बघायची. बाबांना धामणकर नाक्यावरून यायला उशीर झाला की तिच्या पोटात दुखायला लागायचं. आम्हाला तिची मजा वाटे. पाहुणे आले की मी कागदाची पिशवी फुगवून तिच्या कानाशी फोडायचे. ती किंचाळायची, सगळे हसायचे. आईसुद्धा.

घराला लागूनच शेडमध्ये आमचे सहा यंत्रमाग होते. एकोणनव्वद-नव्वदचा सुमार असेल, मी नववीत होते. एका दुपारी आम्ही दोघी कारीगरांना चहा घेऊन गेलो. सगळ्यांत जुन्या कारीगराची बाही मागाच्या पट्ट्यात अडकली आणि हात आत ओढला गेला. तो ओरडत होता, पण मागांच्या खडखडाटात नुसतं उघडलेलं तोंड दिसत होतं. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला. सहाही माग एकदम थांबले, आणि त्या शांततेत त्याचा आवाज ऐकू आला, "अम्मा, अम्मा."

आम्ही दोघी एकाच दारात उभ्या होतो, खांद्याला खांदा लावून. मी त्या संध्याकाळी पोटभर जेवले. चार दिवसांनी वर्गातल्या मुलींना सगळं रंगवून सांगितलं. कारीगर हात गमावून त्याच्या मुलखात गेला.

ताईचं मात्र वेगळंच सुरू झालं. लाईट गेली आणि गल्लीतले माग थांबले, की ती कानांवर हात दाबून कोपऱ्यात बसायची. अंग थरथरायचं, कधी कपडे ओले व्हायचे. खडखडाटात तिला गाढ झोप लागे; शांतता सोसवत नसे. शुक्रवार मागांच्या सुट्टीचा, दिवसभर सगळे बंद, म्हणून गुरुवारपासूनच तिचं जेवण सुटायचं.

"काय न्हाय झालंय तिला," बाबा म्हणाले. "बाजूला हीपन होती ना? हिला काय झालं? नाटकं हायेत सगळी. भीती मोडली पायजे."

भीती मोडायची म्हणजे कारीगर जेवायला गेले की तिला शेडमध्ये कोंडायचं, माग चालू करायचे आणि मध्येच बंद करायचे. रोज, महिनाभर. कडी लावून आई उभी राहायची. स्विच दाराबाहेर होता, तो पाडायचं काम माझं. मला ते आवडायचं. ती किती वेळात दार बडवते ते मी मनात मोजायचे.

पुढे तिचं लग्न लांबच्या एका खेड्यात ठरलं. "गाव चांगलं शांत हाय," आई कौतुकानं म्हणाली. तेव्हा कुणाला काही खटकलं नाही. सतराव्या दिवशी सासरा तिला परत घेऊन आला. "येडी पोर आमच्या गळ्यात बांधलीत," एवढं बोलून पाणीही न पिता निघून गेला.

ठाण्याच्या डॉक्टरांकडे तिला नेईपर्यंत आणखी दोन वर्षं गेली. नेलं ते मीच. अपघाताचं सांगितलं, मीही तिथेच होते हेही.

"अपघाताआधी कशी होती?" त्यांनी विचारलं.

"भित्रीच होती."

"मग तेच. ज्याचं मन आधीपासून सतत धोका हुडकत असतं, त्याच्या मेंदूत असा प्रसंग फार खोल रुततो. तुम्ही निभावलंत, ती नाही. यात तिचा दोष नाही, तुमची बहादुरीही नाही. नंतर तिला कुणी मुद्दाम घाबरवलं का?"

"नाही," मी म्हटलं. ताई शेजारीच बसली होती.

औषधांनी आणि डॉक्टरांशी बोलून तिला हळूहळू उतार पडला. वर्षभरात ती शुक्रवारी दोन घास खाऊ लागली. तशाच एका शुक्रवारी तांदूळ निवडताना मी सांगून टाकलं, "ताई, स्विच मी पाडायचे."

"ठाऊक हाय. माग थांबले की बाहेर तुझ्या बांगड्या ऐकू यायच्या."

मी रडायला लागले. तिनं तांदळातला खडा काढून बाजूला टाकला आणि सूप उचलून आत गेली. माफ केलं, असं ती आजवर म्हणालेली नाही.