समुद्र कालवायला भांडं हवं

"फूल मिटून रायलं, लवकर या!" पटलेभाऊंचा फोन आला तेव्हा मी गोंदियात एका टाकीची काच घासत होतो. हात तसेच पुसले, मोटरसायकलला किक मारली आणि आमगाव गाठलं.

फूल म्हणजे अ‍ॅनिमोन. समुद्रातला प्राणी, दिसतो फुलासारखा. केशरी क्लाउन माशांची जोडी त्याच्या पाकळ्यांत घर करते. पटलेभाऊंच्या साड्यांच्या दुकानात मी बसवलेली ही माझी पहिलीच खाऱ्या पाण्याची टाकी. दुकान भाऊंचं, पण टाकीवर हक्क त्यांच्या आईचा, म्हणजे काकींचा. मुलगा-सून गिऱ्हाइकांत गुंतलेले, म्हणून काकी दिवसभर टाकीजवळ खुर्ची टाकून त्या जोडीशी बोलत बसायच्या.

फूल आकसून लिंबाएवढं झालं होतं. मासे वर येऊन धापा टाकत होते.

"पाणी कोणी बदललं?"

"मीच बदललो," काकी म्हणाल्या. "तू देल्ला तो डरम तडकला. मंग तांब्याच्या गुंडात मीठ कालवलो, रातभर ठेवलो. तांब्याचं पाणी शुद्ध रायते ना?"

आपल्याकडे घरोघरी तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितात. पण खारं पाणी तांब्याला खातं. तांबं पाण्यात उतरलं, की थोडंसुद्धा अ‍ॅनिमोनला विष. हे सांगितलं तसा काकींचा चेहरा उतरला.

"म्या मारलो का रे त्याहिले?"

"अजून जिवंत आहे काकी. रडू नका, मला भांडं शोधा!"

उपाय एकच होता, वॉटर चेंज. जमेल तितकं जुनं पाणी काढून ताजं खारं पाणी भरायचं. उरलेलं तांबं ओढायला फिल्टरमध्ये कार्बन. मीठ आणि कार्बन माझ्या बॅगेत होतं. कालवायला भांडं मात्र नव्हतं.

भाऊंनी राइस मिलमधून लोखंडी टाकी मागवायची तयारी दाखवली. मी म्हटलं, गंजते. शेजारच्या कृषी केंद्रवाल्याने निळा ड्रम पुढे केला. त्यात आधी फवारणीचं औषध होतं! मागच्या अंगणातली सिमेंटची टाकी नवीकोरी, तिचा चुना पाण्यात उतरतो.

"तुमाले चालते तरी का?" भाऊ वैतागले.

"खाण्यापिण्याचं प्लास्टिक!" मी पण ओरडलो.

तेवढ्यात दारात पाण्याच्या जारची गाडी थांबली. लग्नसराईत आमच्याकडे अशा गाड्या दिवसभर फिरतात. निळे जार, फिरकीचं झाकण, आणि आत आरओचं पाणी. माझे डोळेच चमकले! भांडंही तेच, पाणीही तेच.

"ठंडा दूं कि सादा, भैया?" गाडीवाल्याने विचारलं.

"सादा! सगळे उतरव!"

प्रत्येक जारमधलं थोडं पाणी ओतून मोकळी जागा केली, मोजून मीठ टाकलं, झाकण घट्ट. पण ढवळायचं कसं? भाऊ गरजले, "गाद्या उचला रे!" गाद्या उठल्या आणि आम्ही जार फरशीवर आडवे लोळवायला लागलो. सेल्समन एका टोकाला, भाऊ दुसऱ्या टोकाला. शालू बघायला आलेल्या नवरीने पदर खोचला आणि तीही सामील झाली. "माझ्याकडे पाठवा, माझ्याकडे!" काकी खुर्चीतून पायाने जार परत ढकलत होत्या. खरं तर हे पाणी तासन् तास ढवळावं लागतं, पण एवढा धीर कुणाला? मी हायड्रोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं यंत्र, प्रत्येक जारमध्ये बुडवून बघत होतो. मीठ विरघळून पाणी निवळशंख झालं, सगळ्या जारांत यंत्राचा आकडा सारखा आला, आणि मी इतक्या जोरात "जमलं!" म्हणालो की गिऱ्हाइकं दचकली.

पाणी बदललं. मासे खाली उतरले. फूल मात्र तसंच. काकी जेवायलाही उठेनात. मी घरी आलो, पण लक्ष फोनकडेच.

दोन दिवसांनी काकींचा फोन. "खुललं रे! दोघंही आत जाऊन बसले!" मी भर रस्त्यात गाडी उभी करून हसलो. डोळ्यांत पाणी आलं, तेही खारंच.

तेव्हापासून नवं गिऱ्हाईक मासे कोणते विचारतं, आणि मी आधी विचारतो, "मीठ कशात कालवणार?" आमगावात समुद्र आणता येतो. फक्त भांडं बरोबर लागतं.