मागच्या चाकावरची सीट

हिंगणघाट-वर्धा एसटीत पुढे जागा असूनही कॉलेजातली एक मुलगी माझ्या शेजारी मागच्या चाकावरच्या सीटवर बसली होती. तिच्याजवळ पत्र्याच्या पट्ट्यांच्या दोन चिमुकल्या इमारती तळाशी ओढणीनं सीटला घट्ट बांधलेल्या. एकीत एरंडेल भरलेली सिरिंज तिरपी बसवली होती.

मी निरखतोय हे पाहून ती म्हणाली, "भूकंपाचा धक्का हे तेल खाऊन टाकते. तेच पारखून राह्यली."

"पुढे बस, इथं फार आदळतं," मी म्हटलं.

"नाई जी, मले धक्केच पायजेत!"

खड्डा आला की साधी इमारत कितीतरी वेळ डोलायची, सिरिंजवाली लगेच शांत व्हायची आणि ही टाळी वाजवायची. खड्ड्यांना शिव्या घालणारा मीसुद्धा पुढच्या खड्ड्याची वाट पाहू लागलो.

वर्धा जवळ आलं, रस्ता गुळगुळीत झाला. तिचा चेहरा पडला.

कंडक्टर म्हणाले, "उदास काऊन होतं, पोरी? परततानाही याच गाडीनं येजो. खड्डे कुठं पळून नाई राह्यले!"