शेवटून दुसऱ्या मुलीचा फ्लेक्स

शिरूर कासारच्या एसटी स्टँडसमोर संध्याकाळच्या ऐन गर्दीत चहाचा स्टोव्ह बंद दिसला, तर नव्या माणसाला वाटतं, घरात काही कमी-जास्त झालं. आम्हा रोजच्यांना माहीत असतं, की तिकडं युरोपात नाच सुरू झाला आहे. सुभद्रामावशी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून बसलेली असते आणि गिऱ्हाइकाकडं बघतही नाही. चहा पाहिजेच असेल तर आपल्या हातानं करून घ्यायचा, पातेलं घासून ठेवायचं आणि तोंड बंद ठेवायचं. एकदा एका बदलून आलेल्या कंडक्टरनं ‘अहो बाई, दोन कट चहा’ म्हणून ओरडा केला, तर बाकीच्या गिऱ्हाइकांनीच त्याला गप्प बसवलं.

माझं दुकान तिच्या टपरीला लागून. मी परमेश्वर, फ्लेक्स छापतो. वाढदिवस, नियुक्ती, श्रद्धांजली, या तालुक्यात माणसाचं बरंवाईट काहीही झालं तरी ते आधी माझ्या मशीनमधून बाहेर पडतं. कुणाचा फोटो वर, कुणाचा खाली, कुणाचा बोटभर मोठा, यावरून झालेली भांडणं मी इतकी मिटवली आहेत, की मला तंटामुक्ती समितीवर घ्यायला हरकत नाही. घेत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

तर मावशी. उमर गेली ऊसतोडीत. दिवाळी आली की गाडीत भांडीकुंडी टाकून कारखान्याचा रस्ता धरायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचं. ज्यांनी ट्रकमध्ये ऊस भरताना पाहिला नसेल त्यांना सांगतो. ट्रकला एक अरुंद फळी तिरपी लावतात. डोक्यावर उसाची मोळी घेऊन बायका त्या फळीवरून एकामागून एक वर चढतात. मान हलली की मोळी गेली, मोळी गेली की बाई गेली. मावशीची मान कधी हलली नाही. गुडघा मात्र गेला, आणि तिनं इथं टपरी टाकली.

सुनेनं, वर्षाराणीनं, तिला मोबाईल शिकवला तो मुलाशी बोलता यावं म्हणून. मुलगा पुण्यात कंपनीत. पण मोबाईलच तो. भजनं बघता बघता एके दिवशी त्यानं मावशीपुढं बॅले आणून टाकला. पांढऱ्या कपड्यातल्या मुली, पायाच्या अंगठ्याच्या टोकावर उभ्या राहून नाचणाऱ्या, एका उतरत्या फळीवरून एकामागून एक खाली येत होत्या. माना ताठ. मावशीच्या हातातली गाळणी हातातच राहिली.

“परमेश्वर, हिकडं ये. ह्या बघ, गाडी भरून उतरायल्यात.”

मी म्हणालो, “मावशी, ह्यांच्या डोक्यावर काहीच न्हाई.”

“तुला दिसत न्हाई. मला दिसतंय.”

मग तिनं मला आणखी एक गोष्ट दाखवली. तोच तुकडा मागं घेऊन पुन्हा पुन्हा दाखवला. रांगेत शेवटून तिसरी मुलगी जराशी घसरली होती. तिच्या मागची, म्हणजे शेवटून दुसरी, क्षणभर थबकली, पाऊल लहान केलं, आणि रांग मोडली नाही. “पुढची घसरली की मागचीनं सांभाळायचं असतंय,” मावशी म्हणाली. “फळीवर आमी हेच करायचो. आन् नाव कुणाचं? पुढचीचं!” त्या दिवसापासून ती शेवटून दुसरी मुलगी मावशीची झाली.

वर्षाराणी डी.एड. झालेली, हुशार पोरगी. तिनं मोबाईलला विचारून विचारून शोधून काढलं, की मुलीचं नाव इलोना. युरोपात एका थंडगार शहरात नाचाची मोठी मंडळी आहे, त्यात ती मागच्या रांगेत आहे. या मंडळीत चढत्या पायऱ्या असतात. आधी मागची रांग, मग पुढं एकटीनं नाचायचा मान, मग सगळ्यात वरची. बढती कुणाला ते दर उन्हाळ्यात, त्यांचा सीझन संपताना, जाहीर होतं. मावशीनं हे लगेच पचवलं. मंडळी म्हणजे टोळी. तिचा चालक म्हणजे मुकादम. सीझन तर सीझनच. “फक्त ह्यांचा सीझन उन्हाळ्यात सुटतो आन् आमचा उन्हाळ्याच्या आधी,” एवढाच काय तो फरक तिला दिसला.

गेली काही वर्षं स्टँडवरची बातमीपत्रं अशी चालतात. कुणाचा घोटा दुखावला, कोण बाळंतपणावरून परत आली, कोणती मंडळी उन्हाळ्यात तळ्याकाठी उघड्यावर नाचणार. काळी-पिवळी जीप चालवणारे अर्जुनराव सीटा भरता भरता विचारतात, “मावशी, इलोनाचं काय झालं बे?” मावशी म्हणते, “बे कुणाला म्हणतो रे?” आणि मग सविस्तर सांगते. दर उन्हाळ्यात निकाल लागतो, दर उन्हाळ्यात इलोना मागच्याच रांगेत. मावशी दोन दिवस चहात साखर कमी टाकते आणि तिसऱ्या दिवशी ‘पुढच्या वर्षी’ म्हणते.

यंदा मात्र ती वेगळंच बोलायला लागली. वर्षाराणीनं वाचून दाखवलं होतं, की या नाचात तिशी उलटली की मागच्या रांगेतलीला पुढं घेत नाहीत. इलोना तिशीला टेकली होती. यंदा नाही तर कधीच नाही. मावशीनं वैद्यनाथाला नवस बोलला, आणि निकालाच्या आधी माझ्या दुकानात येऊन बसली.

“फ्लेक्स कर. निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन. इलोनाचा.”

“निकाल लागू द्या की मावशी.”

“कावून? मतमोजणीच्या आधी गुलाल आणून ठेवत न्हाईत का? सरपंचाचा फ्लेक्स तू आधी छापला का न्हाई?”

छापला होता. या तालुक्यात विजयाचा फ्लेक्स मतमोजणीच्या आदल्या दिवशीच छापून होतो. उशिरा छापणाऱ्याला विरोधकाचा माणूस समजतात. तरी मी म्हणालो, “मग ‘भावी’ लिहू का? सेफ पडतं.”

“भावी लिहिलेलं आजवर कुणाचं खरं झालंय इथं?” मावशी म्हणाली. भावी लोकांचे निम्मे फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर पडलेले मी रोज बघतो.

खरी पंचाईत फोटोची झाली. इतकी वर्षं नाचते पोरगी, पण तिचा एकटीचा फोटो कुठं नाही. जिथं तिथं घोळक्यात, पुढच्या मुलीच्या हाताआड अर्धा चेहरा. मी घोळक्यातून तिला कापून काढलं, मोठं केलं, तेव्हा चेहऱ्याचा पार धूर झाला. खांद्यावर दुसरीचं कोपर राहिलं ते राहिलंच. त्यावर फुलांचा गुच्छ टाकून मी वेळ मारून नेली. आमच्या धंद्यात गुच्छ त्याचसाठी असतो.

मग शुभेच्छुकांची रांग. मावशीचा फ्लेक्स लागतोय म्हटल्यावर अर्ध्या स्टँडनं फोटो पाठवले. इलोना कोण हे निम्म्यांना माहीत नव्हतं, पण आपला फोटो कुठं येणार हे सगळ्यांना माहीत करून घ्यायचं होतं. अर्जुनरावांनी काळा चष्मा घातलेला फोटो दिला आणि पहिल्या जागेसाठी हटून बसले. रसवंतीवाले शहादेव म्हणाले, मग आमचा नको. शेवटी मी दोघांना दोन टोकांना टाकलं आणि सांगितलं, की टोक हीच मानाची जागा असते. मधल्यांनी ते ऐकलं नाही म्हणून निभावलं.

फ्लेक्स लागला. लाल-पिवळ्या सूर्यकिरणांमध्ये इलोना, खाली आमची सगळी तोंडं. वर्षाराणीनं हौसेनं फोटो काढला आणि थेट इलोनाच्या पानावर पाठवून दिला, खाली इंग्रजीत अर्थ लिहून. मावशी त्या दिवशी कुणाकडून चहाचे पैसे घेईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. वर्षाराणीनं यादी वाचली, पुन्हा वाचली, मग मोबाईल पालथा घातला.

“न्हाई का?” मावशीनं विचारलं.

“न्हाई, आत्याबाई.”

मावशी म्हणाली, “परमेश्वर, आधी फ्लेक्स काढ.” मी शिडी लावली. खाली ती गुडघा धरून उभी होती आणि स्वतःलाच बोलत होती. “पोरीला मुकादमानं डावलली, आन् आपण तिला जाहीर हार घालून बसलो. तिनं बघितलं आसंल. जखमेवर मीठ म्हंत्यात ते हेच. काय वाटलं आसंल तिला?” तिचे डोळे भरून आले होते. मला वाईट वाटलं. काढलेला फ्लेक्स मी गुंडाळून आत ठेवला. अर्जुनरावांनीसुद्धा ‘माझा फोटो’ असं काही म्हटलं नाही.

पाठवलेलं पुसून टाकावं असं वर्षाराणीचं मत होतं. मावशीला ते पटलं नाही. चूक केली तर तोंड दाखवावं, लपू नये, म्हणाली. तिनं मोबाईल तोंडाशी धरला आणि बोलली ते मी शेजारी बसून ऐकलं.

“इलोनाबाई, मी सुभद्रा, शिरूरहून. आमचं चुकलं. आमच्याकडं निकालाच्या आधी फ्लेक्स लावायची खोड हाय, ती तुला बाधली. माफ कर. पर एक सांगते. तू पुढचीला सांभाळलंस ते मी बघितलंय, आणिक कुणी बघू नाहीतर न बघू. मुकादमाला किंमत नसंल तर टोळी बदल. आमच्याकडं दसऱ्याला टोळ्या बदलत्यात, त्यात कमीपणा न्हाई. काम टोळीत नसतंय, आपल्या अंगात असतंय. गुडघ्याला जप. जेवत जा, लई वाळलीस.”

वर्षाराणीनं तोच आवाज पाठवला आणि खाली सगळं इंग्रजीत लिहिलं. मुकादमाला इंग्रजीत काय म्हणायचं यावर आमची बराच वेळ चर्चा झाली.

मला वाटलं, उत्तर कसलं येतंय. मावशीनंही तसंच धरलं असावं, कारण तिनं नाच बघायचं बंद केलं. संध्याकाळी चहा वेळेवर मिळायला लागला आणि स्टँडवर कुणालाच तो गोड लागेना. अर्जुनराव एकदा चिडून म्हणाले, “मावशी, लावा की तो मोबाईल, मी करून घेतो चहा.” ती कपबशा विसळत राहिली.

आणि एके दिवशी वर्षाराणी घरून पळतच आली. उत्तर आलं होतं. तिनं उभ्या उभ्या मराठी करून वाचलं. इलोनानं लिहिलं होतं, की निकालाच्या दिवशी ती कपडे बदलायच्या खोलीत रडत बसली होती, तेव्हा मैत्रिणीनं तिला फ्लेक्स दाखवला. आधी काही समजेना. मग खालची शुभेच्छुकांची रांग दिसली, आणि रडता रडता तिला इतकं हसू आलं, की सगळ्या मुली गोळा झाल्या. पुढचं तिच्याच शब्दांत असं होतं: मग तुमचा आवाज आला. तो मी आईला ऐकवला. आईला शब्द कळले नाहीत, पण ती म्हणाली, ही बाई तुला रागावते आहे, म्हणजे चांगली असणार. पुढं काय करायचं ते ठरलेलं नाही, विचार करते आहे. आणि शेवटी विचारलं होतं, की काळा चष्मा घातलेले गृहस्थ कोण आहेत?

अर्जुनराव तेव्हापासून रात्रीसुद्धा चष्मा काढत नाहीत. सीटांना सांगतात, आपल्याला युरोपात ओळखतात. जीप भरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो.

मावशीनं मोबाईल पुन्हा साखरेच्या डब्याला टेकवला. इलोनाच्या मंडळीचं तळ्याकाठचं उन्हाळी काम सुरू झालं होतं. इलोना शेवटून दुसरीच होती. मावशी बघत राहायची आणि कधी कधी म्हणायची, “बदलती का न्हाई टोळी कुणास ठाऊक. भीती वाटतीच की माणसाला.” ती इलोनाबद्दल बोलत होती, पण ऊसतोड सोडून इथं टपरी टाकली तेव्हाची तिची घालमेल मी पाहिलेली आहे.

श्रावणात बातमी आली. इलोनानं मोठी मंडळी सोडली होती. दुसऱ्या एका लहानशा गावातल्या नाट्यगृहात तिला पुढं, एकटीनं नाचायला घेतलं होतं. मी म्हणालो, की तिचं आधीच ठरलं असणार, युरोपातली माणसं शिरूरच्या सल्ल्यावर नोकऱ्या सोडत नसतात. मावशीनं माझ्या चहात साखरच टाकली नाही.

त्या नाट्यगृहानं बातमीबरोबर फोटो टाकला होता. एकटीचा, समोरून, अख्ख्या पडद्यावर मावेल एवढा. मावशीनं मोबाईल हातात घेतला, पदरानं काच पुसली, डोळ्याजवळ नेला, लांब धरला. दूध उतू गेलं तरी ती उठेना. स्टोव्ह मीच बंद केला.

“वर्षाराणी,” ती म्हणाली, “इतकी वर्षं झाली, आन् मला आज कळतंय. हिच्या गालाला खळी हाय गं!”