धुळ्याहून गाडी आणली, आणि रस्ताभर धोतर!

आधीच सांगतो, भुताखेतांच्या नावाने माझं डोकं फिरतं. मी शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. कुठे खटखट झाली की आम्ही बेअरिंग बघतो, देव्हारा नाही बघत. या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर हसायला वाचत आलो... आता तुम्ही हसा. पण हे लिहिल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाहीये.

आमचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, हायवेवरून थोडं आत. माझे वडील – आम्ही त्यांना नाना म्हणायचो – दिवाळीनंतर गेले. ही नवी मोटारसायकल त्यांनीच पसंत केलेली. रंग काळा नको, निळा घे, हेही त्यांचंच. आणि एक अट होती. "मांगे पहिले मी बससू. मना आधी कोन्हले बसाडं ते देख!" हे त्यांनी मला, मायला, माझ्या मोठ्या बहिणीला म्हणजे अक्काला, शेजाऱ्यांना, पोस्टमनलासुद्धा सांगून ठेवलं होतं. जुन्या गाडीवर मागे बसायचे म्हणजे काय, सतत "हळू चालव, हळू चालव." बैलगाडीने ओव्हरटेक केलं तरी "हळू चालव"च!

दुखवट्याच्या वर्षात गाडी कशाला, असं चार लोक म्हणाले. माय म्हणाली, "त्यास्नीच पसंत करेल शे. आखाजीलेच लई ये." झालं, विषय संपला.

आता आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे पितरांचा सण. गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरायची, आंब्याचा रस नि पुरणपोळीचा नैवेद्य, निखाऱ्यावर घास टाकायचा. नानांची ही पहिलीच घागर, आणि ती भरणार मी, एकुलता एक मुलगा. दुपारी बाराच्या आत. तोवर माय तोंडात पाणी घेणार नव्हती, आणि तिला शुगर आहे. म्हणजे उशीर करून चालणारच नव्हतं.

म्हणून पहिल्या एसटीने धुळ्याला गेलो. तर शोरूममध्ये ही जत्रा! अख्ख्या जिल्ह्याला त्याच मुहूर्तावर गाडी पाहिजे. "साहेब, पाच मिनिटं." अरे किती वेळा पाच मिनिटं? मग पूजा, हार, चाकाखाली लिंबू, मग ती दाराएवढी पुठ्ठ्याची किल्ली हातात देऊन फोटो. हसा म्हणे! माझी माय तिकडे उपाशी, आणि मी हसतोय. टाकीत पेट्रोल तर चूळ भरण्याइतकं. पंपावर पुन्हा रांग. शहराबाहेर पडलो तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं.

फागण्याच्या आधीच सुरू झालं. एक स्कूटरवाला शेजारी येऊन ओरडला, खाली बोट दाखवून. मला वाटलं, स्टँड. आपल्याकडे दुसऱ्याचा स्टँड म्हणजे सार्वजनिक कर्तव्यच. पायाने चाचपलं, स्टँड वरच होता. थोड्या वेळाने ट्रकचा क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तेच खुणावतोय. पुन्हा थांबलो. स्टँड वर, चेन ठीक, हार कुठे अडकलेला नाही. तिसऱ्यांदा एका ट्रॅक्टरवाल्याने हात केला तेव्हा मी त्याला सरळ ओरडून विचारलं, "काय शे हो?"

"भाऊ, आबानं धोतर चाकमा जाई राह्यनं! आवराले सांग त्यास्ले!"

मी मागे पाहिलं. सीट रिकामी, शोरूमचं प्लास्टिक तसंच. म्हटलं, सणाची याने सकाळीच घेतलेली दिसते.

मुकटीला रस्त्याकडेला खरबुजं घेऊन एक म्हातारी बसली होती. गाडी मागून जड लागत होती, म्हणून टायर दाबून बघायला तिथे थांबलो. हवा टणक. म्हातारी माझ्यावरच डाफरली, "काय पोरगा शे! म्हतारा मानूसले उनमा बसाडी ठेवं. धोतरना सोगा तरी खोसाले लाव!" मी म्हटलं, "आजी, कोण म्हातारा?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की वेडा मीच. खरं सांगतो, भीती वाटायला वेळच नव्हता. इतका वैताग आला होता! सव्वाअकरा वाजून गेले होते, माय उपाशी, आणि सगळा महामार्ग माझ्या मागे हात धुऊन लागलेला. कोणाचं धोतर? कुठलं धोतर?

गावचा फाटा आला. आतला रस्ता म्हणजे नुसते खड्डे. पहिल्या मोठ्या खड्ड्याशी माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नाना, धरा." रोजची सवय ती... मग उरलेल्या सगळ्या खड्ड्यांना मी मुद्दाम म्हणालो. "नाना, धरा." कोण ऐकत होतं, विचारू नका.

दारात अक्का ओवाळायला उभी, मागे माय. मी गाडी थांबवली, घाईघाईने उतरायला पाय उचलला, तर माय एकदम म्हणाली, "थांब रे, पहिले त्यास्ले उतरू दे."

मी पाय खाली टेकला. बसून राहिलो. आणि गाडीचा मागचा शॉकअप हळूच वर आला. माणूस उतरल्यावर येतो ना, तसाच. मी रोज यंत्रं हाताळतो. ते माझ्या बुडाखाली झालं, मला कोणी शिकवू नका.

घागर वेळेत भरली. निखाऱ्यावर घास टाकला. माय पाणी प्याली. नंतर तिला विचारलं, तू असं का म्हणालीस? ती म्हणाली, "माले काय ठाऊक. तोंडमाईन निघी गयं." आणि पोळी वाढायला लागली.

संध्याकाळी गाडी पुसताना दिसलं, मागच्या माणसाचे दोन्ही फूटरेस्ट उघडे. शोरूममधल्या त्या किल्लीवाल्या फोटोत ते मिटलेले आहेत, झूम करून पाहिलं. खड्ड्यांनी उघडले म्हणावं तर इतके घट्ट आहेत, की मला ते अंगठ्याने दाबून मिटवावे लागले. गाडी तेव्हापासून बिनतक्रार चालते. रस्त्यात कोणी हाक मारत नाही. ऊन, उपास, योगायोग – जे म्हणाल ते मी स्वतःला सांगून पाहिलंय. बसत नाही.

भीती तेव्हाही नव्हती. राग मात्र अजून येतो. नाना, धुळ्यापासून घरापर्यंत आलात, सगळ्या जगाला दिसलात, मलाच तेवढे नाही. बरं, नाही तर नाही... पण एकदा "हळू चालव" म्हणायला काय झालं होतं?